धंद्यासाठी घेतलेलं मशीन खराब निघालं, तर तुम्ही 'ग्राहक' आहात का?



व्हिडिओमध्ये हा विषय वीस मिनिटांत उरकावा लागला. कलमं, मुदती, फी हे सगळं कॅमेऱ्यासमोर बोलताना घाईत जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. एकदा वाचा आणि मशीनचं कोटेशन हातात आलं की पुन्हा उघडा.

सुरुवात एका ताईंपासून करतो. सोलापूर जिल्ह्यातल्या. माझ्या एका बॅचला आल्या होत्या, पण आल्या तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं. प्रदर्शनात बघून त्यांनी मिरची-मसाला कांडपाचं मशीन घेतलं, किंमत १,३२,०००. त्यातले १,१०,००० दिले होते, २२,००० मशीन नीट चाललं की द्यायचे असं तोंडी ठरलं होतं. पत्रकावर छापलेलं होतं, तासाला २५ किलो. जानेवारीत मशीन बसलं. पंधरा-वीस दिवसांत मोटर तापायला लागली. अर्धा तास चालवलं की बंद ठेवायचं. आणि चटणी इतकी गरम बाहेर पडायची की मिरचीचा रंगच काळपट व्हायचा. बायका दुसऱ्यांदा यायच्या बंद झाल्या.

आता कांडपाचा धंदा ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, वर्षाची कमाई फेब्रुवारी ते मे. तो हंगाम गेला की मशीन झाकून ठेवायचं. ताईंनी फोन केले. किती? रोज. तिकडून ठरलेलं उत्तर, "ताई, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे." वायरमनला बोलावून व्होल्टेज मोजलं, ते बरोबर निघालं. मग "माणूस पाठवतो." माणूस एप्रिलमध्ये आला, बेल्ट घट्ट करून गेला. मे संपला. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला कापला जात होता. आणि जूनमध्ये विक्रेत्याचाच मेसेज आला, की राहिलेले २२,००० द्या, आम्ही उद्यम नोंदणीवाले आहोत, कायद्याने व्याज लागेल.

ऑगस्टमध्ये बॅचला आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "सर, मी ग्राहक मंचात जाऊ शकते का? कुणी म्हणालं, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही."

हे "कुणीतरी म्हणालं" अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं ऐकून लोक घरी बसतात.

कायदा कुणाला ग्राहक म्हणतो?

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा सध्याचा कायदा, जुलै २०२० पासून लागू. (जुन्या कायद्यातला 'मंच' आता 'आयोग' झाला आहे, पण बोलताना सगळे मंचच म्हणतात, चालतं.) त्यात सरळ लिहिलंय, की पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेतला तर तुम्ही ग्राहक नाही. इथपर्यंत ते "कुणीतरी" बरोबर. पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठीच जी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, तो व्यापारी हेतू धरला जात नाही. म्हणजे ती व्यक्ती ग्राहकच.

मग स्वयंरोजगार कुठे संपतो आणि व्यापार कुठे सुरू होतो? यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आजही पाया मानला जातो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट. एका छोट्या कारखानदाराने मोठं सीएनसी मशीन घेतलं, ते उशिरा आलं आणि सदोष निघालं. राज्य आयोगात तो जिंकला, राष्ट्रीय आयोगात हरला आणि सर्वोच्च न्यायालयातही हरला. कारण मशीनचं एकूण स्वरूप आणि कागदावरचे पुरावे बघता ते एका माणसाने स्वतः चालवून पोट भरण्याचं साधन आहे असं न्यायालयाला वाटलं नाही.

पण त्याच निकालात न्यायालयाने जी उदाहरणं दिली ती आपल्यासारख्यांसाठी सोन्याची आहेत. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा हा ग्राहक. स्वतः काम करायला लेथ मशीन घेणारा हाही ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. मात्र रिक्षा किंवा लेथ घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्यालाच चालवायला दिली, तर तो ग्राहक नाही.

बघा, इथे प्रश्न मशीन केवढ्याचं आहे एवढाच नाही. ते कोण चालवतं आणि त्यावर कुणाचं पोट आहे, हा आहे.

२०१८ मध्ये पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब विरुद्ध अॅग्फा इंडिया या प्रकरणात दोन बेरोजगार भागीदारांनी स्वयंरोजगारासाठी फोटो प्रिंटिंगचं मशीन घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्राहक मानलं. म्हणजे भागीदारी आहे म्हणून दार आपोआप बंद होत नाही. आणि २०२४ मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट साफ केली. "यांनी व्यापारी हेतूने घेतलं" असं समोरच्याला म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची.

तरीही माझा सल्ला, त्याच्यावर सोडून निवांत बसू नका. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा, की हे मशीन मी स्वतः चालवते, यावरच माझी उपजीविका आहे, मदतीला अमुक एक बाई आहे. मी पाहिलेल्या कच्च्या तक्रारींमध्ये बहुतेकांनी हे वाक्यच लिहिलेलं नसतं. उलट "आमच्या उद्योगसमूहाने" वगैरे भारी भाषा असते. एक कांडप मशीन आणि उद्योगसमूह! व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं ते छापा, पण तक्रारीत खरं तेच लिहा.

ताईंचं काय? मशीन त्या स्वतः चालवत, सासूबाई मिरच्या निवडून द्यायच्या. त्या ग्राहक होत्या.

'खराब' म्हणजे नेमकं काय

मशीन मनासारखं नाही म्हणून ते सदोष ठरत नाही. कायद्यातली दोषाची व्याख्या मात्र चांगली रुंद आहे. दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता यात कायद्याने किंवा कराराने जे अपेक्षित आहे त्यात कमतरता असणं म्हणजे दोष. आणि पुढचे शब्द महत्त्वाचे आहेत, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्यात कमतरता असली तरी तो दोषच.

कोणत्याही प्रकारे. म्हणजे पत्रकावर, स्टॉलच्या बॅनरवर, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या व्हिडिओत. "तासाला २५ किलो" हा दावा आहे आणि प्रत्यक्षात आठ किलो निघत असेल तर तो दोष आहे. म्हणून प्रदर्शनातून येताना पत्रक फेकू नका. तोंडी आश्वासन दिलं असेल तर घरी येऊन एक मेसेज टाका, "आज बोलणं झाल्याप्रमाणे मशीन तासाला २५ किलो, सिंगल फेजवर चालेल, एक वर्ष वॉरंटी. बरोबर ना?" त्याने "हो ताई" लिहिलं की तुमचं काम झालं.

आणि बिल. जीएसटी वाचवायचा म्हणून कच्च्या बिलावर मशीन घेणारे मी ढिगाने पाहिलेत. दहा-पंधरा हजार वाचतात आणि लाखाच्या मशीनचा पुरावा जातो. अशा वेळी बँकेतून गेलेले पैसे, यूपीआयची नोंद, चलन, चॅट यावर केस उभी करता येते, अगदीच अशक्य नाही. पण मग सुनावणीचा निम्मा वेळ मशीन त्यानेच विकलं हे दाखवण्यात जातो.

पहिले पंधरा दिवस

व्हिडिओत मी यावरून पटकन पुढे गेलो होतो, म्हणून इथे थांबतो.

तुमचा विक्रेता स्वतः सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, उद्यम नोंदणी असेल, तर एमएसएमई विकास अधिनियम २००६ त्याच्या बाजूने उभा राहतो. त्यात नियम असा, की माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. तिथून पैसे देण्याची मुदत मोजायची. लेखी ठरलं असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. ताईंना जूनमध्ये आलेला मेसेज इथून आला होता. पोकळ धमकी नव्हती ती.

पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली असती, तर ती हरकत विक्रेता दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा धरला गेला असता. म्हणजे घड्याळ सुरूच झालं नसतं. ताईंनी हरकत घेतली होती, पण फोनवर. फोनवरच्या भांडणाला कागदावर वजन नाही.

१५ दिवस उलटले म्हणजे दोषाबद्दल तक्रारीचा हक्क गेला, असं मात्र समजू नका. ही मुदत पेमेंटच्या हिशोबाची आहे. मालविक्री अधिनियम १९३० वेगळं सांगतो. माल तपासायची वाजवी संधी खरेदीदाराला मिळालीच पाहिजे. पण वाजवी वेळ उलटून गेला आणि तुम्ही "हा माल मला नको" असं कळवलंच नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. मग मशीन परत करणं अवघड होतं, नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग उरतो.

म्हणून दोष दिसला त्याच दिवशी हे असं लिहून पाठवा. भाषा साधी ठेवा, शिव्या नकोत, "ग्राहक मंचात खेचतो" वगैरेही नको:

"दिनांक ____ च्या बिल क्रमांक ____ अन्वये आपणाकडून घेतलेले ____ मशीन दिनांक ____ रोजी माझ्याकडे पोचले. दिनांक ____ पासून त्यात पुढील दोष आहेत: (१) ३० मिनिटांत मोटर तापून बंद पडते. (२) आपल्या पत्रकात तासाला २५ किलो लिहिले आहे, प्रत्यक्षात ____ किलो निघते. व्होल्टेज तपासले असता ____ आढळले. मशीन आहे या स्थितीत मी स्वीकारलेले नाही. सात दिवसांत दोष दूर करावा, अन्यथा मशीन परत घेऊन रक्कम परत करावी. उर्वरित रक्कम दोष दूर झाल्यावर देईन."

ईमेलने पाठवा, व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि पोस्टातून पोच मिळेल अशा पद्धतीनेही पाठवा. तिन्ही. पोस्टाची पावती बिलाला टाचून ठेवा.

सोबत तीन कामं. वजनकाटा, घड्याळ आणि मशीन एकाच फ्रेममध्ये दिसेल असा व्हिडिओ काढा. कंपनीचा माणूस येऊन गेला तर काय केलं ते त्याच्याकडूनच लिहून सही घ्या. तो सही देत नसेल तर तो गेल्यावर लगेच मेसेज टाका, "आज आपले मेकॅनिक आले, फक्त बेल्ट घट्ट केला, दोष तसाच आहे." आणि गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मशीन उघडायच्या आधी हे पत्र गेलेलं असू द्या. नाहीतर पुढे उत्तर तयार असतं, "बाहेरच्याने उघडलं, वॉरंटी संपली."

चौथं काम कुणीच करत नाही. परत गेलेल्या ऑर्डरची वही. तारीख, नाव, किती किलो, किती रुपये. बुडालेल्या कमाईची भरपाई मागायची असेल तर आयोग विचारणार, कमाई होती कशावरून?

आयोगात जायचं ठरलं तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवा. फुकट आहे. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे पाठपुरावा करतात. मोठ्या ब्रँडच्या बाबतीत बऱ्याचदा तिथेच मिटतं. छोट्या वर्कशॉपवाल्यावर फारसा परिणाम होत नाही, हा माझा अनुभव.

नाही मिटलं तर जिल्हा आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. ५ लाखांपर्यंत फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. आणि २०१९ च्या कायद्याने केलेला मोठा फायदा हा, की विक्रेता कोइमतूरचा असो की राजकोटचा, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गुजरातमधून मशीन मागवणाऱ्यांनी हे वाक्य अधोरेखित करा. बिलावर "वाद फक्त राजकोट न्यायालयात" छापलेलं बघून पुष्कळ जण आधीच हात टेकतात.

तक्रार ऑनलाइन भरता येते, १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृति पोर्टल आहे. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं तिथपासून. उशिराला योग्य कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. "माणूस पाठवतो, माणूस पाठवतो" यात दोन वर्षं कशी जातात कळत नाही.

मागता काय येईल? दोष दूर करणं, नवीन मशीन, पैसे व्याजासह परत, नुकसानभरपाई, खटल्याचा खर्च. एकापेक्षा जास्त गोष्टी मागता येतात. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून हप्ता थांबवून केसच्या निकालाची वाट बघू नका. बँकेचं कर्ज ही वेगळी गोष्ट आहे, मशीन बंद आहे हे बँक ऐकून घेईल, पण हप्ता माफ करणार नाही.

आणि ग्राहक नसालच तर?

दहा कामगार, तीन मशीन, तुम्ही स्वतः ऑफिसात. मग आयोगाचं दार बहुधा बंद. पण हक्क संपले नाहीत. मालविक्री अधिनियम धंदेवाल्यालाही लागू आहे. तुम्ही कशासाठी मशीन हवंय ते सांगितलं, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलं आणि तसा माल विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर ते त्या कामासाठी योग्य असेल ही अट कायदाच करारात घालतो. ती मोडली तर दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते, मुदत तीन वर्षं. आणि त्याने उरलेल्या पैशांसाठी दावा केला, तर दोषामुळे झालेलं नुकसान त्या किमतीतून वजा करा अशी बाजूही मांडता येते.

चुकून आधी आयोगात गेलात आणि "तुम्ही ग्राहक नाही" असं ठरलं, तर? लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात न्यायालयाने सांगितलं होतं, की तिथे गेलेला काळ मुदतीतून वगळण्याची मागणी मुदत अधिनियमाच्या कलम १४ खाली करता येईल. तेवढी वाट उघडी आहे.

उद्या काउंटरच्या पलीकडे तुम्ही असाल

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावायची हौस सगळ्यांना असते. सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी तुम्हाला वाचवत नाही. बिलात लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. ज्या ताईंनी मशीनवाल्याच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्याच दुकानात चटणीच्या पाकिटाचं बिल मिळत नव्हतं. मी विचारल्यावर त्या हसल्या. आता देतात.

त्यांचं पुढे काय झालं ते सांगतो. ऑगस्टमध्ये आम्ही बसून पत्र तयार केलं, पत्रकाचा फोटो, व्होल्टेजची नोंद, एप्रिलमधल्या मेकॅनिकबद्दलचे मेसेज जोडले. तीन आठवड्यांत उत्तर नाही. जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. नोटीस पोचल्यावर विक्रेत्याचा स्वतःहून फोन आला. जास्त ताकदीची नवीन मोटर, ग्राइंडिंग चेंबर बदलून, राहिलेले २२,००० सोडून दिले. लेखी तडजोड झाली, ती आयोगासमोर ठेवली.

बुडालेल्या हंगामाचे त्यांनी ६०,००० मागितले होते. त्याचा एक रुपयाही मिळाला नाही. परत गेलेल्या ऑर्डर त्यांना तोंडपाठ होत्या, नावासकट, पण वही नव्हती.